पडद्यावरून पान्हा कसा शिकवायचा? (ऑनलाईन पदव्युत्तर कोर्सच्या दोन बॅचचा अनुभव, तिसरीसाठी मदत हवी)

कानस

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि भटकंतीचे धागे वाचून गुपचूप निघून जाणारा माणूस. पण गेली दोन वर्षं एक कोर्स डोक्यात घेऊन फिरतोय आणि घरच्यांनी त्याबद्दल ऐकायचं आता बंद केलंय, म्हणून इथे.

मी एका विद्यापीठात शिक्षणशास्त्र विभागात शिकवतो (नाव विचारू नका). आमच्याकडे एम.ए. ऑनलाईन सुरू झालं तेव्हा एक ऐच्छिक पेपर माझ्या गळ्यात पडला, "तंत्रज्ञान शिक्षण", ४ क्रेडिट. पहिल्या मीटिंगलाच सगळ्यांना वाटलं की हा स्मार्टबोर्ड, पीपीटी आणि गूगल फॉर्मचा पेपर. अहो ते शैक्षणिक तंत्रज्ञान! तिथे तंत्रज्ञान वापरून काहीही शिकवतात. इथे तंत्रज्ञानच शिकवायचं, म्हंजे वस्तू कशी बनते, का बिघडते, कुणी ती तशीच का बनवली आणि शाळेतल्या पोरांना हे हाताने करत करत कसं कळेल. हा फरक समजावण्यात माझे तीन महिने गेले, अजूनही वेळापत्रकात नाव उलटंच छापून येतं.

विषय काही नवा नाही. अमेरिकेत आधी ह्याला इंडस्ट्रियल आर्ट्स म्हणायचे, १९८५ साली तिथल्या शिक्षकांच्या संघटनेने आपल्या नावात टेक्नॉलॉजी एज्युकेशन आणलं. इंग्लंड-वेल्समध्ये १९९० पासून डिझाईन अँड टेक्नॉलॉजी राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे. आणि आपण तर त्याही आधीचे, वर्ध्याची नई तालीम (गांधीजींची हातकामातून शिकवायची योजना) १९३७ ची, मग कोठारी आयोगाचा कार्यानुभव, मग १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीचं समाजोपयोगी उत्पादक कार्य. एवढं सगळं होऊन आज शाळेत कार्यानुभवाच्या तासाला गणिताचे सर येतात आणि राहिलेला पोर्शन पूर्ण करतात. अपवाद आहेत. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, शाळा सोडलेल्या पोरांना वेल्डिंग, शेती, वायरिंग, घरबांधणी सगळंच करायला लावलं, त्यातूनच शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा राहिला. माझ्या कोर्सचं पहिलं युनिट पाबळच आहे, ते न बदलता दोन्ही बॅचला चाललं. बाकी सगळं बदललं.

पहिली बॅच. ३४ विद्यार्थी, जवळजवळ सगळे नोकरी करणारे शिक्षक, गडचिरोलीपासून कणकवलीपर्यंत. नियमाप्रमाणे चार चतुर्थांश हवेत, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. विद्यापीठाचा सगळा जीव पहिल्या चतुर्थांशात. स्टुडिओ, हिरवा पडदा, मेकअप सुद्धा. मी कोट घालून उभा आणि करवत कशी धरायची ते सांगतोय, मागे कॉम्प्युटरने लावलेली विद्यापीठाची इमारत. असे ४० व्हिडिओ केले, एकेक २५ ते ३० मिनिटांचा. नंतर आकडे बघितले तर बहुतेक जण पाचव्या-सहाव्या मिनिटाला पसार. एडएक्स ह्या ऑनलाईन कोर्सच्या साईटवरच्या ६९ लाख व्हिडिओ सेशनचा अभ्यास २०१४ मध्ये आला होता, त्यातही सहा मिनिटांच्या आसपासच लक्ष संपतं असं निघालं होतं. मी तो पेपर दुसऱ्या एका विषयात शिकवत होतो. शिकवत होतो हो, आणि तरीही अर्ध्या तासाचे व्हिडिओ केले!

पण खरी फजिती सबमिशनला झाली. ३४ जर्नल्स आली, सुवाच्य अक्षर, पट्टीने काढलेल्या आकृत्या, "कानशीचे प्रकार" (कानस म्हंजे लोखंड घासायचं दातेरी हत्यार), "सुरक्षिततेचे नियम". एकाही माणसाने कशालाही हात लावला नव्हता. दोष त्यांचा नाही, मी मागितलंच ते होतं.

दुसऱ्या बॅचला ४० पैकी ३१ व्हिडिओ काढून टाकले. उरलेल्या नऊतले सहा घरी मोबाईलवर परत शूट केले, फक्त हात दिसतात, तोंड नाही. आणि मुख्य असाईनमेंट एकच ठेवली. घरातली किंवा शाळेतली एक बिघडलेली वस्तू घ्या, तीन आठवडे तिच्या मागे लागा, रोज एक फोटो आणि तीन ओळी, हाच लॉग. काय वाटलं, काय केलं, काय झालं. दुरुस्त झाली नाही तरी चालेल. चुकलेल्या अंदाजाला मार्क आहेत, अट एवढीच की चूक कशामुळे कळली ते लिहायचं. विजेवर चालणारी वस्तू उघडायची नाही, ह्यावर खाली कुणी विचारलं तर सांगतो.

काय काय आलं! छत्रीची मोडलेली काडी, दप्तराची चेन, शाळेच्या पोषण आहाराचा वजनकाटा, सायकलचं फ्रीव्हील. एका बाईंच्या शाळेतला नळ गळत होता. त्यांनी वायसर बदलला, गळतोच. परत बदलला, जरा जाड घेतला, गळतोच. लॉगमध्ये लिहिलं "दुकानदार फसवतो". चौथ्या दिवशी बोट आत घालून बघितलं तर वायसर जिथे टेकतो ती पितळी कडच खाल्ली गेलेली, खाच पडलेली. म्हंजे वायसर चांगलाच होता, बसायची जागा खराब. त्या दिवशीच्या तीन ओळींची वीस ओळी झाली होती आणि शेवटी, "सर, मी चौथीतल्या एका मुलाच्या बाबतीत दोन वर्षं वायसरच बदलत होते असं वाटतंय." मी हे वाचलं आणि लॅपटॉप बंद करून गच्चीत जाऊन आलो.

तर आता प्रश्न. कोर्स चांगला चालला म्हणून विद्यापीठाला तिसऱ्या बॅचला २०० जण घ्यायचेत. एकेक लॉग नीट वाचून उत्तर द्यायला आठवड्याला २०-२५ मिनिटं लागतात. दुसऱ्या बॅचला कसंबसं जमलं, कारण रविवार होते. वर्कलोडमध्ये फक्त लाईव्ह तास मोजतात, लॉग वाचणं कुठल्याच रकान्यात बसत नाही. २०० ला काय करू? व्हिडिओवर परत जायचं नाहीये एवढं नक्की. इथे शिकवणारे, ऑनलाईन शिकलेले बरेच आहेत, बोला.

---

अर्धा_चहा

कोट घालून करवत हे चित्र डोळ्यासमोरून जात नाहीये 😂

आमच्या कार्यानुभवात खडू केले होते. साच्यातून निघायच्या आधीच मोडायचे, बाई म्हणायच्या ठेवा तिकडे. त्यात पाणी जास्त होतं का कमी हे आजतागायत कळलेलं नाही. वाचतोय, येऊ द्या.

---

तंत्रशाळा८१

कानसराव, नाव छान घेतलंय पण तुमच्या कोर्सशी माझं भांडण आहे. मी ३२ वर्षं तांत्रिक विद्यालयात निदेशक होतो, फिटिंग शिकवलं. आठवीचा पोरगा पहिल्यांदा व्हाईसवर (शिकंज्यात) लोखंडाचा तुकडा लावतो तेव्हा तो कसा उभा आहे, डावा पाय पुढे आहे का, कोपर कुठे जातंय, हे मागून बघावं लागतं. आणि मुख्य म्हणजे आवाज. कानस बरोबर लागली की एक आवाज येतो, तिरकी लागली की किरकिरते, दात भरले की घसरल्यासारखा येतो. वर्गात ३० पोरं एकदम कानस मारायची आणि मी पाठ फिरवून उभा राहून सांगायचो की तिसऱ्या बाकावर कोण चुकतंय. हे तुमच्या पडद्यातून कसं यायचं? नळाच्या वायसरची गोष्ट चांगली आहे, पण ते निदान झालं, कौशल्य नव्हे. ह्याला मी तंत्रज्ञान शिक्षण म्हणणार नाही. राग मानू नये.

---

कानस

@तंत्रशाळा८१ सर, राग कसला, तुमच्यासारखा कुणी यावा म्हणूनच धागा काढला. तुमचं अर्धं म्हणणं मान्य. हे विद्यार्थी फिटर होणार नाहीयेत, पोरांना करू देणारे शिक्षक होणारेत, त्यामुळे हाताची सफाई थोडी कमी पडली तरी मी सोडून देतो. पण आवाजाचं तुम्ही बोललात आणि मला एकदम लाज वाटली, कारण लाईव्ह तासाला एकाने कानस मारून दाखवली तेव्हा आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो हात हलवतोय आणि पूर्ण शांतता, मूकपट. मला वाटलं त्याचा माईक गेला.

---

पिंपरी_लोकल

माईक नाही गेला, झूम असले आवाज नको असलेला गोंगाट समजून खाऊन टाकतं. ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साऊंड' चालू करायला सांगा, गाणं-तबला शिकवणारे तेच वापरतात. नाहीतर सरळ व्हॉट्सॅपवर आवाज रेकॉर्ड करून मागवा.

बरं २०० चं म्हणाल तर मी जॉर्जिया टेकचं ऑनलाईन मास्टर्स (ओएमएससीएस) पुण्यात बसून नोकरी सांभाळून केलंय. २०१४ च्या जानेवारीत सुरू झालं ते, पूर्ण डिग्री ७००० डॉलरच्या आत असा तेव्हा गाजावाजा होता, आता दहा हजाराच्या वर लोक शिकतात. त्यात डेव्हिड जॉयनरचा एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा कोर्स मी घेतला होता, म्हंजे तुमच्या भाषेत उलटा विषय 😄 पण रचना सांगण्यासारखी आहे. व्हिडिओ जवळजवळ बाजूला, जोर सगळा तुम्ही स्वतः निवडलेल्या प्रोजेक्टवर. दर आठवड्याला काहीतरी जमा करायचं आणि दुसऱ्यांचं वाचून अभिप्राय द्यायचा, त्यालाही मार्क. आणि तपासायला टीएंची (टीचिंग असिस्टंट, म्हंजे सहाय्यकांची) फौज, त्यातले बरेच जण आधी तोच प्रोग्राम केलेले. माझ्या टीएची स्वतःची दिवसाची नोकरी होती, तो रात्री दोनला कॉमेंट टाकायचा, ती वाचायला मी सकाळी लोकलमध्ये आतुर असायचो. सांगायचा मुद्दा, प्रोफेसर एकटा १००० जणांना वाचत नाही, वाचणारी माणसं तयार करतो. तुमच्या ६०-७० जुन्या विद्यार्थ्यांतले १०-१२ पकडा.

---

रेघोट्या

त्याच जॉर्जिया टेकमध्ये अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये एआय टीए बसवला होता ना, जिल वॉटसन? फोरमवर प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि विद्यार्थ्यांना बराच काळ ती माणूसच वाटत होती. मग लॉगला उत्तरं एआयकडून द्या की. २०० काय, २००० घ्या.

---

पिंपरी_लोकल

@रेघोट्या ती "डेडलाईन कधी आहे", "कुठल्या फॉरमॅटमध्ये द्यायचं" असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची रे. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात, मागचे प्रश्नोत्तर साठलेले होते, त्यावर उभी केली होती. नळाची कड खाल्ली आहे हे तिला कोण सांगणार, बोट कुणाचं घालायचं?

---

कानस

एआयचा दुसराही अनुभव सांगून टाकतो. दुसऱ्या बॅचला चर्चेच्या फोरमवर प्रश्न टाकला होता, "तुमच्या गावातली कुठली वस्तू गेल्या २० वर्षांत नाहीशी झाली आणि का". पहिल्या दिवशी ११ उत्तरं, सगळी सारखी गुळगुळीत. "आजच्या गतिमान युगात तंत्रज्ञानाने आपले जीवन आमूलाग्र बदलले आहे." मी कुणालाच रागावलो नाही, फक्त लिहिलं की वस्तूचा फोटो टाका आणि ती शेवटची कुणी वापरली त्या माणसाला फोन करून विचारा. आठ दिवसांनी पाथरवटाची छिन्नी आली, कल्हईवाल्याचा भाता आला. एकाने मोटेची चामडी सोंड कुठे असेल म्हणून तीन गावं फिरला आणि शेवटी ती एका गोठ्यात पावसाचं पाणी अडवायला लावलेली सापडली. तो फोरम मी अजूनही उघडून वाचतो.

रोजचा फोटो असल्यामुळे लॉगमध्ये मात्र ही भानगड झाली नाही. एकाने प्रयत्न केला होता, पण फोटोत छत्री निळी आणि मजकुरात काळी.

---

मिडवेस्टातली_मावशी

काय गोड धागा आहे! मी अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत शिक्षकांचेच ऑनलाईन मास्टर्स कोर्स शिकवते, आठ आठवड्यांचे, सगळे असिंक्रोनस, म्हणजे लाईव्ह तास नाहीतच. तुमच्या मोठ्या-मोठ्या चुका मी इंग्रजीत केलेल्या आहेत.

आमच्याकडे ठरलेला नमुना म्हणजे गुरुवारपर्यंत एक पोस्ट, रविवारपर्यंत दोघांना उत्तर. होतं काय, रविवारी रात्री ११:५० ला सगळे जागे होतात आणि "खूप छान मांडलंस, मलाही असंच वाटतं" असा पाऊस पडतो. मी तो नियमच काढला. आता चौघांचा एक गट, पूर्ण कोर्सभर तोच, आणि गटातल्या दुसऱ्याच्या वस्तूबद्दल एक प्रश्न विचारायचा की ज्याचं उत्तर देण्यासाठी त्याला उठून वस्तूजवळ जावं लागेल. एवढं एक वाक्य बदललं आणि फरक पडला.

मार्कांबद्दल एक सुचवते. लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये रिचर्ड किंबेल वगैरेंनी डिझाईन अँड टेक्नॉलॉजीच्या मुलांचे ई-पोर्टफोलिओ तपासायला ई-स्केप नावाचा प्रकल्प केला होता. त्यात १० पैकी किती असं द्यायचंच नाही. दोन पोर्टफोलिओ शेजारी ठेवायचे आणि ह्यातला सरस कुठला एवढंच सांगायचं. असं खूप जोड्यांचं खूप जणांनी सांगितलं की त्यातून क्रम तयार होतो. मूळ कल्पना मानसशास्त्रज्ञ थर्स्टनची, १९२७ ची. ह्यातली गंमत अशी की करवतीचा काप किती सुंदर ह्याला आकडा देताना माणसं भांडतात, पण दोनातला बरा कुठला ह्यावर बहुतेकदा पटकन एकमत होतं. मात्र एकूण वेळ वाचतो असं समजू नका, एकेक काम अनेकदा बघावं लागतं. तो वेळ अनेक डोक्यांत वाटला जातो, एवढंच. आणि वाटणाऱ्यांमध्ये विद्यार्थी असतील तर त्यांनाही चांगलं काम म्हणजे काय ते दिसतं.

तुम्ही मूडल (ऑनलाईन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यात 'वर्कशॉप' नावाची अ‍ॅक्टिव्हिटी आहे (नावावर जाऊ नका, त्यात स्क्रू ड्रायव्हर नाही 😊). विद्यार्थी एकमेकांचं काम तपासतात, आणि कामाला ८० व तपासण्याला २० मार्क अशी विभागणी तिथे आधीच केलेली येते, बदलता येते. जोड्या लावायचा प्रकार त्यात नाही, तो वेगळा करावा लागेल, पण सुरुवातीला बरं.

आणि विजेच्या वस्तूंचं काय झालं होतं?

---

कानस

मावशी, चौघांचा गट आणि उठायला लावणारा प्रश्न, हे दोन्ही ढापतो.

विजेचं सांगतो. पहिल्या बॅचला कुणीच काही केलं नाही असं वर लिहिलंय, ते तेवढं खरं नाही. एकाने केलं होतं. पंखा हळू फिरतो म्हणून स्टुलावर चढून कपॅसिटर बदलायला गेला. पंखा हळू होण्याचं नेहमीचं कारण तेच, आपल्या घरच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो, दुकानात पन्नास-साठ रुपयांत मिळतो. निदान शंभर टक्के बरोबर. पण त्याने फक्त भिंतीवरचं बटण बंद केलं आणि जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर होतं, म्हंजे बटण बंद असूनही पंख्यापर्यंत फेज (करंट आणणारी वायर) जिवंत. झटका बसला, स्टूल पडलं, मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं. त्याने मला मोठ्या कौतुकाने फोन करून सांगितलं आणि मी पुढची दोन रात्री झोपलो नाही. वर्गात मी मेन स्विच पाडला असता, टेस्टर लावायला लावला असता. इथे ४०० किलोमीटरवरून काय करणार? तेव्हापासून २३० व्होल्ट बंद, गॅस बंद, कुकर बंद. बॅटरीवरचं काहीही चालेल. कोर्स थोडा पांगळा होतो, होऊ दे.

---

तंत्रशाळा८१

हा निर्णय योग्य. आमच्याकडे वायरिंगच्या तासाला बोर्डाचा फ्यूज माझ्या खिशात असायचा. खिशात फ्यूज असल्याशिवाय पोराला बोर्डाला हात लावू देत नसे. मुख्याध्यापक एकदा चिडले होते त्यावरून, स्टाफरूमचा बोर्डही त्याच लाईनवर होता.

---

झेडपी_मास्तरीण

सर, ओळखलंत का? मी दुसऱ्या बॅचची, वजनकाटावाली. मैत्रिणीने लिंक पाठवली म्हणून आयडी काढून लिहितेय, मराठी टायपिंग मोबाईलवर आहे चुका माफ करा.

सगळे मोठे लोक बोलतायत तर आमची बाजू सांगते. एक म्हणजे तुमचा लाईव्ह तास संध्याकाळी ७ ला होता. ७ ला बायकांनी काय करायचं असतं ते तुम्हाला माहिती नाही असं नाही. मी इअरफोन घालून पोळ्या लाटत ऐकायचे आणि तुम्ही "कॅमेरा चालू करा" म्हणायचात. एकदा चालू केला तर मागे सासूबाई. त्यानंतर रेकॉर्डिंगच ऐकलं. दुसरं म्हणजे दिवसाला दीड जीबी नेट, त्यात मुलाचा अभ्यास पण. सुरुवातीचे मोठे व्हिडिओ उघडलेच नाहीत, खरं सांगते. तुम्ही नंतर जे आवाजाचे छोटे तुकडे टाकले ते मी येता-जाता एसटीत ऐकले.

पण लॉगचं सांगते. वजनकाटा १० किलोला साडेनऊ दाखवायचा, दोन वर्षं आम्ही सगळे म्हणत होतो काटा खराब आहे, नवीनची मागणी केलीय. उघडला तर पट्टीखाली तांदळाचे दाणे अडकलेले आणि एक मेलेली पाल. साफ केला तरी दोनशे ग्रॅमचा फरक राहिला, तो मला शेवटपर्यंत काढता आला नाही आणि तुम्ही त्याला पूर्ण मार्क दिलेत कारण मी पाच वेगवेगळ्या वजनांनी फरक मोजून तक्ता केला होता. मला बी.एड.ला सुद्धा न जमलेल्या गोष्टीला कुणी मार्क दिले नव्हते. घरी आता कुणाचं काही मोडलं की माझ्याकडे आणतात, हा मात्र त्रास झालाय.

२०० च्या कामाला मी मदत करीन. पण सर फुकट नाही. रागवू नका पण आमच्याकडून आधीच खूप कामं फुकट करून घेतात.

---

नुसताच_वाचक

मास्तरीणबाईंना एकशे एक तोफांची सलामी.

---

कानस

@झेडपी_मास्तरीण ताई, न ओळखायला काय झालं, पालीचा फोटो विसरणं शक्य नाही. ७ च्या तासाबद्दल कान पकडतो. मला ती वेळ "सगळ्यांच्या सोयीची" म्हणून कळवली गेली होती आणि मी कुणाच्या सोयीची हे विचारलंच नाही. पुढच्या वेळी रविवारी दुपारी एकच आणि बाकी आवाजाचे तुकडे. कॅमेऱ्याचा हट्ट रद्द.

मानधनाचंही बरोबर आहे. प्रस्ताव टाकतो. आमच्या विद्यापीठात उत्तरपत्रिकेला दर ठरलेला आहे, पण लॉग म्हणजे उत्तरपत्रिका की प्रात्यक्षिक हे ठरवायला एक समिती बसेल, मग तिची उपसमिती.

---

रेघोट्या

परीक्षेचं सांगा ना. ऑनलाईन कोर्सला शेवटची लेखी असतेच ना? मग ह्या लॉगला किती मार्क?

---

कानस

दुखरी नस दाबलीत. आमच्याकडे ७०-३०. ७० लेखी परीक्षेला, ३० अंतर्गत. म्हंजे तीन आठवडे वस्तूच्या मागे लागायचं ३० मध्ये आणि तीन तास पेन चालवायचं ७० मध्ये. बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये (अभ्यासमंडळात) दोनदा मांडून झालं, दोनदा "पुढील बैठकीत" झालं. मग मी प्रश्नच बदलले. "तंत्रज्ञान शिक्षणाचे महत्त्व स्पष्ट करा" काढून टाकला. आता सायकलचा फोटो येतो, पुढच्या दात्यांच्या चक्राला ४४ दाते, मागच्याला १८, पेडलच्या एका फेरीत मागचं चाक किती फिरेल (साधारण २.४४), इथवर गणित. पुढचा प्रश्न असा की एक विद्यार्थिनी म्हणते मागचं चक्र लहान केलं की सायकल "पळते", तर चढावर तिच्या शाळेपर्यंत जाताना काय होईल आणि तुम्ही तिला उत्तर न सांगता हे कसं शोधायला लावाल. ह्याची उत्तरं पाठ करता येत नाहीत. प्रश्नपत्रिका तपासणाऱ्या मॉडरेटरने "संदर्भ पुस्तक कोणते" असं विचारलं होतं, मी सायकल असं उत्तर दिलं, ते त्यांना आवडलं नाही.

---

मिडवेस्टातली_मावशी

😂😂 सायकल!

कानस, एक आगाऊ सल्ला देऊ का? २०० ला हो म्हणू नका. तुमच्या मूळ पोस्टमध्ये तुम्ही "कसं करू" विचारलंय, "करू का" हे विचारलंच नाहीये. आमच्याकडे एकदा मी ३० च्या जागी ९० घेतले, लिहून द्यायचा अभिप्राय हळूहळू तीन वाक्यांच्या साच्यावर आला, आणि विद्यार्थ्यांनाही ते कळलं, तेही साच्यातलं लिहायला लागले. कुणी तक्रार केली नाही. उलट फीडबॅक फॉर्मवर रेटिंग चांगलं आलं कारण सगळ्यांचं काम कमी झालं होतं! ते रेटिंग बघून मला फार वाईट वाटलं होतं.

---

पिंपरी_लोकल

मावशींशी थोडा असहमत. नाही म्हणणं सोपं आहे, पण मला जॉर्जिया टेकने "फक्त ३० घेतो" म्हटलं असतं तर मी आज इंजिनियरिंगच्या पहिल्याच डिग्रीवर असतो. गडचिरोलीच्या शिक्षकाला दुसरा कुठला असा कोर्स मिळणार आहे? टीए तयार होईपर्यंत एक वर्ष थांबा, हे ठीक. कायमचं नाही नको.

---

कानस

दोघांचंही पटतंय, तीच अडचण आहे. काल रात्री बसून कागदावर मांडलं. दर चौघांचा गट, दर पाच गटांना म्हणजे २० जणांना जुन्या बॅचचा एक मार्गदर्शक. सहा मार्गदर्शक मिळतील असं दिसतंय (तिघांना फोन केला, ताई चौथ्या), म्हणजे १२०. पण मार्गदर्शकांचं काम मलाच बघावं लागणार पहिल्या वर्षी, ते धरलं तर ८० च्या वर मला झेपत नाही. तर ८० घ्या आणि सहा जणांचं मानधन द्या, असं पत्र आज दिलं. साहेब म्हणाले व्हिडिओ तर आधीच तयार आहेत, मग २०० ला काय अडचण. मी म्हटलं ते व्हिडिओ मी काढून टाकलेत. त्यांना माहितीच नव्हतं! आता स्टुडिओच्या खर्चाचं ऑडिट निघू नये म्हणजे मिळवली.

---

अर्धा_चहा

३१ व्हिडिओ कुठेतरी ठेवलेत ना? कोटवाला एक तरी टाका इथे.

---

कानस

अजिबात नाही.

---

तंत्रशाळा८१

बरेच दिवसांनी परत आलो. नातीने तुमचा धागा मोठ्या अक्षरात करून दिला. मी वर ह्याला तंत्रज्ञान शिक्षण म्हणणार नाही असं लिहिलं होतं, ते मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण ती वजनकाट्याचा तक्ता करणारी मुलगी माझ्या वर्गात असती तर मी तिला स्टोअरची किल्ली दिली असती.

तुमच्या विद्यार्थ्यांनी कानस मारल्याचे आवाज व्हॉट्सॅपवर पाठवले तर मी ऐकून सांगू शकतो कुठे चुकतंय. मला मानधन नको, पेन्शन आहे. अट दोन. रात्री नऊनंतर पाठवायचे नाहीत. आणि पाठवण्याआधी सगळ्यांना सांगा की दाब फक्त कानस पुढे जाताना द्यायचा, मागे आणताना उचलल्यासारखी हलकी आणायची. मागे येताना घासल्याचा आवाज आला तर मी पुढचं ऐकणार नाही.

---

कानस

सर, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पहिला आवाज माझाच पाठवतो.